किती घरांना किती केव्हीए?

घरातल्या दिव्यापर्यंत वीज पोचण्याच्या वाटेवरचा शेवटचा मोठा टप्पा म्हणजे वितरण रोहित्र. महाराष्ट्रात गावोगावी त्याला डीपी म्हटले जाते आणि दोन खांबांमध्ये बसवलेली, तेलाने भरलेली ती राखाडी टाकी बहुतेकांच्या परिचयाची असते. उपकेंद्रातून निघालेली वीज या रोहित्रापर्यंत ११ हजार व्होल्ट, म्हणजे ११ केव्ही, एवढ्या उच्च दाबाने येते आणि तेथे तिचा दाब उतरवून ती घरांना सोसेल अशा रीतीने तीन फेजच्या लघुदाब वाहिनीवर सोडली जाते. एवढी उठाठेव करण्याचे कारण असे की, तेवढीच शक्ती ४०० व्होल्टने वाहून न्यायची झाल्यास विद्युतप्रवाह सुमारे सत्तावीसपट लागतो, आणि तारेतील व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे त्याच तारेत तो सातशे पटींहून अधिक होतो. म्हणून रोहित्र घरांच्या जितके जवळ तितके चांगले. मात्र ते किती मोठे असावे, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक वस्तीसाठी नव्याने शोधावे लागते.

रोहित्राचा आकार केव्हीए, म्हणजे किलोव्होल्ट-अँपिअर, या एककात सांगतात आणि तो टाकीवरच्या पट्टीवर कोरलेला असतो. भारतीय मानक आयएस ११८० मध्ये यासाठी ठरावीक पायऱ्या दिलेल्या आहेत. त्यांपैकी १६ व २५ केव्हीएची छोटी रोहित्रे, वस्त्यांतून हमखास दिसणारी ६३, १०० व २०० केव्हीएची मधली रोहित्रे आणि मोठ्या गृहसंकुलांसाठीची ३१५ केव्हीए व त्यापुढची रोहित्रे अधिक वापरात आहेत. वीजबिलात किलोवॅट येतो आणि रोहित्रावर मात्र केव्हीए, याचे कारण रोहित्राच्या आतील गुंडाळ्या तापतात त्या प्रवाहामुळे. त्या प्रवाहातून प्रत्यक्ष उपयोगी काम किती झाले, याच्याशी त्या तापण्याचा संबंध नसतो. मोटार, पंखा, वातानुकूलन यंत्र ही उपकरणे चुंबकीय क्षेत्र उभारण्यासाठी जो जादा प्रवाह घेतात, त्याने उपयुक्त काम होत नाही, पण गुंडाळी तापतेच. उपयुक्त किलोवॅट आणि एकूण केव्हीए यांच्या गुणोत्तराला पॉवर फॅक्टर म्हणतात व घरगुती वापरात तो ०.९ च्या आसपास धरण्याची पद्धत आहे. १०० केव्हीएच्या तीन फेजच्या रोहित्राला प्रत्येक फेजवर सुमारे १३३ अँपिअर प्रवाह कायमचा पेलता येतो, आणि वस्तीचा भार मोजताना हाच आकडा कामाला येतो.

पट्टीवर लघुदाबाचा आकडा ४३३ व्होल्ट असतो आणि तो पाहून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण घरात २३० व्होल्ट अपेक्षित असतात आणि ४३३ च्या हिशेबाने एका फेजवर २५० येतात. हा जादा दाब मुद्दाम ठेवलेला असतो. भार नसताना मोजलेला तो दाब आहे. भार चढू लागला की काही दाब रोहित्राच्या आतच खर्च होतो, आणखी काही वाहिनीच्या तारांत जातो आणि शेवटच्या घरी २३० च्या आसपास दाब मिळावा, अशी ही तजवीज असते. लहान रोहित्रावर मोठा भार टाकला की ही शिल्लक सर्वांत आधी संपते, आणि म्हणूनच रोहित्र अपुरे पडत असल्याची खूण ते जळण्याच्या कितीतरी आधी, मंद फिरणाऱ्या पंख्यांत आणि कुरकुरत सुरू होणाऱ्या फ्रीजमध्ये दिसते.

आता मूळ प्रश्न. एखाद्या वस्तीत ६० घरे आहेत आणि प्रत्येक घरातील दिवे, पंखे, फ्रीज, मिक्सर, गिझर, इस्त्री अशा सर्व उपकरणांची बेरीज ५ किलोवॅट होते, असे मानू. या बेरजेला जोडभार म्हणतात. ६० घरांचा जोडभार ३०० किलोवॅट झाला आणि ०.९ पॉवर फॅक्टर धरून तो ३३३ केव्हीए होतो. या हिशेबाने वस्तीला ४०० केव्हीएचे रोहित्र लागेल, आणि वीजक्षेत्राशी संबंध नसलेली बहुतेक सुशिक्षित माणसे हाच हिशेब करतात. प्रत्यक्षात अशा वस्तीचे काम १०० केव्हीएत निभावण्याची चांगलीच शक्यता असते. पाचशे पानांच्या लग्नात पाचशे पाट मांडावे लागत नाहीत, कारण पंगती उठत आणि बसत असतात. रोहित्राचे गणितही सगळे एकाच वेळी जेवायला बसत नाहीत, या भरवशावर उभे आहे.

हा भरवसा दोन पायऱ्यांनी मोजला जातो. पहिली पायरी एका घरातली: गिझर चालू असताना सहसा इस्त्री चालू नसते आणि सर्व खोल्यांतले दिवे एकाच वेळी लागत नाहीत, त्यामुळे घराची कमाल मागणी जोडभारापेक्षा बरीच कमी राहते; या दोहोंच्या गुणोत्तराला मागणी गुणक म्हणतात. वरच्या उदाहरणात तो ०.५ धरला तर घराची कमाल मागणी २.५ किलोवॅट आणि ६० घरांच्या कमाल मागण्यांची बेरीज १५० किलोवॅट होते. दुसरी पायरी घराघरांतली: एका घराची कमाल मागणी सकाळी साडेसहाला येते, शेजारच्या घराची साडेसातला, तिसऱ्या घराची रात्री आठला. सर्व घरांच्या स्वतंत्र कमाल मागण्यांच्या बेरजेला रोहित्रावर प्रत्यक्ष एकत्र येणाऱ्या कमाल मागणीने भागले असता जो आकडा मिळतो तो विविधता गुणक. तो २.५ धरला तर १५० चे ६० किलोवॅट उरतात, म्हणजे सुमारे ६७ केव्हीए. रोहित्र आजच्यापुरते घेत नाहीत. दरसाल पाच टक्के वाढ धरली तर सात वर्षांनी हाच भार ९४ केव्हीएच्या घरात जातो, आणि त्याच्या लगत वरची पायरी १०० केव्हीएची आहे.

या हिशेबातील प्रत्येक भागाकार बिनचूक असला तरी सारा डोलारा २.५ या एका आकड्यावर उभा आहे, हे विसरता येत नाही. विविधता गुणक दीडच निघाला तर तीच वस्ती सात वर्षांत १५० केव्हीएच्या पुढे जाते आणि १०० केव्हीएचे रोहित्र दोन उन्हाळेही धडपणे काढत नाही. हा गुणक पुस्तकातून उचलण्यापेक्षा तशाच राहणीमानाच्या शेजारच्या वस्तीतील चालू रोहित्रावर मोजणे केव्हाही चांगले. त्यासाठी फार काही लागत नाही. तारेभोवती नुसता चिमटा धरून प्रवाह सांगणारा टंग टेस्टर प्रत्येक वायरमनच्या परिचयाचा असतो, आणि मे महिन्यातील संध्याकाळी व डिसेंबरमधील सकाळी घेतलेल्या थोड्या नोंदी कोणत्याही कोष्टकापेक्षा अधिक खरे सांगतात.

विविधता घरांच्या संख्येवरही अवलंबून असते. एकच घर असेल तर विविधता गुणक अर्थातच एक; पाच घरे असली तर दोन गिझर एकत्र चालू असण्याची शक्यता बरीच मोठी; शंभर घरांत मात्र योगायोग एकमेकांना खोडून काढतात आणि एकत्रित मागणी स्थिर होत जाते. अमेरिकेतील निवासी भागात खांबावर एकफेजी छोटे रोहित्र बसवून त्यावर मोजकी घरे जोडण्याची रीत आहे, तर युरोपात आणि भारतात तीन फेजचे मोठे रोहित्र बसवून त्यावरून दूरवर लघुदाब वाहिन्या नेल्या जातात. अमेरिकी पद्धतीत दर घरामागे रोहित्राची क्षमता अधिक ठेवावी लागते, पण लघुदाबाच्या तारा आखूड राहतात; भारतीय पद्धतीत क्षमता वाचते, पण वाहिनीच्या टोकाचे घर दाबासाठी तरसते. २०१८ पासून महाराष्ट्रात कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणालीखाली एकदोन पंपांना एक छोटे रोहित्र देण्यात आले, त्यामागे लांब लघुदाब वाहिन्या टाळण्याचाच विचार होता. गावठाणातील दाट घरांना मात्र तो उपाय महाग पडतो.

पट्टीवरचा आकडा ओलांडला की रोहित्र तत्क्षणी जळते, हा समज खरा नाही. रोहित्राचा खरा शत्रू तापमान, आणि तापमान चढायला वेळ लागतो, कारण आतील तेल व पोलाद यांची उष्णता साठवण्याची ताकद मोठी असल्यामुळे भार वाढल्यानंतर तेल पुरते तापायला काही तास जातात. गुंडाळीवर कागदाचे वेष्टण असते आणि तेच तिचे विद्युतरोधक कवच. हा कागद उष्णतेने हळूहळू ठिसूळ होतो. गुंडाळीतील सर्वांत तप्त जागेचे तापमान ९८ अंश सेल्सिअस असताना कागदाचा ऱ्हास अपेक्षित गतीने होतो आणि त्यावर दर ६ अंशांना ऱ्हासाची गती दुप्पट होते, असे रोहित्रांच्या भारविषयक मार्गदर्शक मानकांत मानले जाते. याचा अर्थ, रात्री आठ ते दहा या वेळात थोडा जादा भार आला, पण मध्यरात्रीनंतर घरे झोपली आणि तेल निवले, तर वर्षाच्या हिशेबात रोहित्राचे फारसे बिघडत नाही. घरगुती भाराचा हा चढउतारच त्याला तारतो. तोच जादा भार, समजा ११० केव्हीएचा, एखाद्या पिठाच्या गिरणीने वा कारखान्याने दिवसभर टाकला, तर १०० केव्हीएचे रोहित्र अकाली म्हातारे होते. चंद्रपूर-अकोल्यासारख्या ठिकाणी उन्हाळ्यात हवाच ४५ अंशांवर जाते आणि तेलाला निवायला जागा उरत नाही, म्हणून कोकणात पुरणारे रोहित्र तेवढ्याच घरांना विदर्भात पुरेल असे गृहीत धरणे धोक्याचे असते.

मग थोडे मोठेच का घेऊ नये, हा प्रश्न गृहनिर्माण संस्थांच्या सभांत हमखास विचारला जातो. याचे उत्तर रोहित्रातील दोन प्रकारच्या व्ययांत आहे. एक लोहव्यय: पोलादी पत्र्यांच्या गाभ्यात सेकंदाला पन्नास वेळा चुंबकीय क्षेत्र उलटसुलट होत असते आणि त्यासाठी लागणारी वीज रोहित्रावर भार असो वा नसो, अहोरात्र खर्च होते. दुसरा ताम्रव्यय: गुंडाळ्यांतून प्रवाह वाहिल्याने होणारा, भाराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढणारा, आणि भार नसेल तर जवळजवळ शून्यावर येणारा. जुन्या मानकातील १०० केव्हीएच्या रोहित्राचा लोहव्यय २६० वॅट आणि पूर्ण भारावरील ताम्रव्यय १,७६० वॅट होता. अशा रोहित्रावर संध्याकाळचे चार तास ३८ केव्हीए आणि उरलेले वीस तास १५ केव्हीए भार असेल, तर दिवसाकाठी ताम्रव्यय दोन युनिटांच्या आत राहतो, पण लोहव्यय मात्र सहा युनिटांच्या वर जातो. वर्षाला सुमारे २,२७८ युनिट वीज, म्हणजे एका बेताच्या घराचा वर्षभराचा वापर, नुसता गाभा जागा ठेवण्यात जाते. क्षमता दुप्पट केली की हा व्यय सामान्यतः दीडपटीहून अधिक होतो. दोन्ही व्यय सारखे होतात त्या भाराला रोहित्र सर्वांत कार्यक्षम असते, आणि वरच्या आकड्यांनुसार तो भार पूर्ण क्षमतेच्या ३८ टक्के येतो. घरगुती रोहित्र दिवसाचा बराच काळ याच्या आसपास वा खाली असते, हा व्ययांचे असे प्रमाण ठेवण्यामागचा विचार. २०१४ च्या सुधारित मानकाने तर अर्ध्या आणि पूर्ण अशा दोन्ही भारांवर एकूण व्ययाची कमाल मर्यादा घालून दिली. रोहित्राचा गाभा स्फटिकरचना नसलेल्या, म्हणजे अमॉर्फस, धातूचा असेल तर लोहव्यय निम्म्याहूनही कमी होतो. किंमत जास्त पडते, पण रात्रंदिवस हलक्या भारावर राहणाऱ्या घरगुती रोहित्रालाच ती सर्वांत लवकर भरून निघते. तरीही खरेदीच्या वेळी नजर पुन्हा पुन्हा पहिल्या किमतीवरच जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

आकार बरोबर निवडूनही रोहित्र जळते तेव्हा अनेकदा दोष फेजच्या वाटणीत असतो. बहुतेक घरांना एकच फेज दिलेली असते आणि कोणते घर कोणत्या फेजवर जोडायचे, हे खांबावर चढलेला माणूस ठरवतो. १०० केव्हीएच्या रोहित्रावर आर फेजला १६०, वायला ७० आणि बीला ८० अँपिअर प्रवाह आहे, असे समजा. बेरीज ३१०, पूर्ण क्षमता ४००. कागदावर रोहित्र सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर टक्केच भरलेले. आर फेजची गुंडाळी मात्र आपल्या मर्यादेच्या २० टक्के वर तापत असते आणि ती गेली की सगळे रोहित्र जाते. अशा ठिकाणी २०० केव्हीएची मागणी करण्याआधी पाच-दहा घरांच्या जोडण्या आरवरून वाय आणि बीवर हलवणे हा जवळजवळ फुकटचा उपाय असतो. उलट, वितळणाऱ्या फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळून वेळ मारून नेणे हा सर्वांत महाग उपाय, कारण त्यानंतर जादा प्रवाह अडवणारे काहीच उरत नाही आणि वितळण्याची पाळी गुंडाळीवर येते.

विविधतेचा हा सारा भरवसा मोडणारे प्रसंग मात्र वाढत आहेत, आणि निवडीचे जुने आडाखे तेथेच कमी पडतात. ज्या शहरांत नळाला ठरावीक तासच पाणी येते, तेथे पाणी आल्याबरोबर घरोघरी छोट्या मोटारी एकदम सुरू होतात; त्या तासापुरती विविधता जवळजवळ नाहीशी होते. वीज बराच वेळ जाऊन परत आली की प्रत्येक घरचा फ्रीज, पंखा आणि इन्व्हर्टरची रिकामी बॅटरी एकाच क्षणी वीज मागतात, म्हणून कित्येक रोहित्रांचे फ्यूज पुरवठा परत येण्याच्या क्षणीच उडतात. यापेक्षा खोल बदल वातानुकूलन यंत्रांनी घडवला आहे. पंख्याच्या काळात रात्र ही रोहित्राची विश्रांती होती. दीड टनाची यंत्रे रात्री दहापासून पहाटे पाचपर्यंत चालू राहिली, तर एक घर दुसऱ्याशी एकाच गरमीने बांधले जाते आणि तेलाला निवायला मिळणारे तासच हिरावले जातात. अशा वसाहतीत विविधता गुणक २.५ धरणे म्हणजे स्वतःची फसवणूक. तो दीडपर्यंत खाली आणणे आणि वाढीचा दर वर नेणे हेच शहाणपणाचे.

छतावरील सौर पॅनेलांमुळे हा प्रश्न सुटेल, अशी आशा अनेकांना वाटते. पण रोहित्राचा आकार ठरतो संध्याकाळच्या शिखरावर आणि सूर्य तेव्हा मावळलेला असतो. भर दुपारी घरे रिकामी असताना पॅनेलांची वीज उलट दिशेने रोहित्रातून उच्चदाब वाहिनीकडे निघते, आणि पुरेशी पॅनेले बसली तर दुपारचा हा उलटा प्रवाहच नव्या मर्यादेचा प्रश्न उभा करतो. वाहिनीच्या टोकाला त्या वेळी दाब कमी पडण्याऐवजी वाजवीपेक्षा वर चढतो.

वाढत्या भारासाठी एका मोठ्या रोहित्राच्या जागी दोन लहान रोहित्रे दोन टोकांना बसवावीत की नाही, याचे उत्तर वस्तीच्या आकारात आहे. वस्ती लांबट रस्त्यालगत पसरलेली असेल तर १०० केव्हीएची दोन रोहित्रे २०० केव्हीएच्या एकापेक्षा चांगली, कारण लघुदाबाच्या तारा निम्म्या होतात आणि एक बिघडले तरी अर्धी वस्ती उजेडात राहते. दोन गाभ्यांचा लोहव्यय ही त्याची किंमत. उंच इमारतीत सारा भार एकाच पायाशी असतो, तेथे एकच मोठे रोहित्र सोयीचे, आणि ते इमारतीच्या आत असेल तर तेलाऐवजी राळेत घट्ट ओतलेल्या गुंडाळ्यांचे, कारण तेल पेट घेऊ शकते.

विजेवर चालणाऱ्या मोटारींचा हिशेब गृहसंकुलांत आताच करून ठेवणे आवश्यक झाले आहे. ३२ अँपिअरचा घरगुती चार्जर सुमारे ७.४ किलोवॅट घेतो, म्हणजे वरच्या उदाहरणातील तीन घरांच्या कमाल मागणीएवढे. असे वीस चार्जर रात्री घरी परतल्याबरोबर एकदम सुरू झाले तर १४८ किलोवॅट भार उभा राहतो आणि संस्थेला नवे रोहित्र, नवी केबल, जागा असे सगळे लागते. तथापि रोज चाळीस किलोमीटर चालणाऱ्या मोटारीला साधारण सहा युनिट पुरतात. वीस मोटारींचे १२० युनिट रात्रीच्या आठ तासांत पसरले तर भार सरासरी १५ किलोवॅटच होतो, आणि तो पेलण्याइतकी रिकामी क्षमता मध्यरात्रीनंतर बऱ्याच रोहित्रांत असते, अर्थात तेथील वातानुकूलन यंत्रांचा भार आधी मोजलेला असेल तर. चार्जरांना पाळीपाळीने वीज देणारी नियंत्रण यंत्रणा यासाठी मिळते आणि ती रोहित्रावर त्या क्षणी किती भार आहे हे पाहून चार्जरांचा वेग कमी-जास्त करते. ती नसताना प्रत्येकाने टाइमर लावायचे ठरवले तर सर्वांनी एकच वेळ लावू नये, कारण ठरलेल्या मिनिटाला वीस टाइमर एकत्र सुरू झाले की १४८ किलोवॅटचे तेच शिखर दुसऱ्या वेळी उभे राहते. म्हणून वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाने वाटून द्याव्या लागतात, आणि संस्थेच्या मुख्य मीटरवरील कमाल मागणीची महिनाभराची नोंद पाहूनच पुढच्या चार्जरला परवानगी द्यावी लागते.